झॅपाचा ‘हॉट रॅट्स’ कसा ऐकावा: सांगली-मिरजेच्या कानांसाठी

आईच्या तानपुऱ्याची जवारी बिघडली की बाबा तो जुन्या चादरीत गुंडाळून मिरजेला न्यायचे आणि मला सोबत घ्यायचे. सतारमेकर गल्लीतल्या त्या दुकानात छताला भोपळे टांगलेले असत, खाली लाकडाचा भुसा. कारागीर घोडीवर कानस फिरवायचा, तार छेडायचा, कान लावायचा, पुन्हा कानस. मग तारेखाली सुताचा दोरा सरकवायचा आणि एका जागी तो दोरा थांबला की तीच तार, तोच षड्ज, पण आवाज एकदम उमलून यायचा. तार घोडीच्या किंचित गोलसर पाठीला घासत थरथरते, त्यामुळे मूळ स्वराच्या वरचे बारीक स्वर जागे होतात. हे शास्त्र मला फार नंतर कळलं. कानाला मात्र तेव्हाच कळलं होतं.

विजेच्या गिटारचा तो खरखरीत, फाटल्यासारखा आवाज आपल्याकडच्या पुष्कळांना सहन होत नाही. ‘गोंगाट’ म्हणून बंद करतात. पण तिथेही तत्त्व जवळचंच आहे. अॅम्प्लिफायरला त्याच्या ताकदीपलीकडे आवाज दिला की ध्वनिलहरीची टोकं कापली जातात आणि मूळ स्वरात वरचे स्वर मिसळतात. जवारीत हे काम घोडी करते, गिटारमध्ये अॅम्प्लिफायर. म्हणून मी इथल्या लोकांना नेहमी सांगते: तुमचा कान या संगीताला परका नाही, फक्त त्याला दार दाखवायला हवं. मी दाखवते ते दार म्हणजे अमेरिकन गिटारवादक आणि संगीतकार फ्रँक झॅपाचा ‘हॉट रॅट्स’ हा अल्बम. ऑक्टोबर १९६९ मध्ये तो निघाला.

आमच्या विश्रामबागच्या घरी रविवारी दुपारी चार-पाच जण जमतात. कुणी तबला शिकतंय, कुणी बँकेतून निवृत्त झालेलं, कुणाला फक्त नाट्यसंगीत माहीत. त्यांच्याबरोबर हा अल्बम मी बऱ्याचदा ऐकलाय. कुठे लोक अडखळतात, कुठे एकदम सरसावून बसतात, ते बघून ही वाट आखली आहे.

हा माणूस कोण, एवढं आधी

झॅपाचा जन्म १९४० चा, मृत्यू १९९३ मध्ये, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. हयातीत त्याचे साठाहून जास्त अल्बम निघाले. त्यात रॉक आहे, वाद्यवृंदासाठी लिहिलेलं संगीत आहे, टेपची कात्रणं जोडून केलेले प्रयोग आहेत, बोचरी आणि पुष्कळदा अश्लील विडंबनगीतं आहेत. किशोरवयापासून तो एका कानाने रस्त्यावरचं ऱ्हिदम अँड ब्लूज (कृष्णवर्णीय अमेरिकनांचं लोकप्रिय संगीत) ऐकत आला आणि दुसऱ्या कानाने एदगार व्हारेझसारख्या आधुनिक संगीतकाराला. दोन्हींवर त्याचं सारखंच प्रेम होतं.

म्हणूनच नवख्याने झॅपा कुठूनही उचलू नये. यादी उघडून जो समोर येईल तो अल्बम लावला तर पहिल्याच बैठकीत मन विटण्याची शक्यता फार. ‘हॉट रॅट्स’मध्ये सहा रचना आहेत आणि त्यातल्या पाचांत एकही शब्द नाही. भाषा, अमेरिकेतले संदर्भ, टोमणे यांतलं काहीच आड येत नाही. उरतं ते वादन. जाझची मोकळीक, रॉकचं वजन आणि लिहून काढलेली पक्की रचना, तिन्ही एका ताटात. प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात तो प्रकार तेव्हा नुकता आकार घेत होता. किंग क्रिमसन या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बमही ऑक्टोबर १९६९ मधलाच.

कोणती आवृत्ती लावायची

हा प्रश्न लोक विचारत नाहीत आणि इथेच पहिली चूक होते. या अल्बमची दोन रूपं फिरतात. एक १९६९ ची मूळ ध्वनिमिश्रणाची. दुसरं १९८७ मध्ये सीडी काढताना झॅपाने स्वतः पुन्हा मिश्रण केलं ते. ओळखायची खूण सोपी आहे: ‘द गंबो व्हेरिएशन्स’ या रचनेची लांबी बघा. साधारण तेरा मिनिटं असेल तर मूळ, सतराच्या आसपास असेल तर १९८७ ची. २०१२ च्या पुनर्मुद्रणात पुन्हा मूळ मिश्रण घेतलं आहे.

माझं मत स्पष्ट आहे, पहिल्यांदा मूळच ऐका. नव्या मिश्रणात वाद्यं जास्त सुटी ऐकू येतात, ‘गंबो’तलं वादनही वाढीव मिळतं, पण आवाजाला एक घुमारा चढवलाय आणि तो १९६९ चा नाही. मूळ रूप कोरडं, जवळचं, खोलीत वाजल्यासारखं आहे. वाढीव मिनिटं पुढे कधीतरी, प्रेम जडल्यावर.

कशावर ऐकायचं

फोनच्या स्पीकरवर नको. माझा पहिला अनुभव सांगते. कॉलेजात असताना सांगलीहून पुण्याला निघालेल्या एसटीत, मैत्रिणीबरोबर वाटून घेतलेल्या इयरफोनचं एकच टोक कानात घालून मी हा अल्बम ऐकला होता. कऱ्हाड येईपर्यंत मला त्यात काही सापडलं नाही. वर्षभराने दोन्ही कानांनी ऐकला तेव्हा समजलं की अर्धी वाद्यं त्या दिवशी मैत्रिणीच्या कानात वाजत होती. या अल्बममध्ये वाद्यं डावी-उजवीकडे वाटून ठेवली आहेत, त्यामुळे एका बाजूने ऐकणं म्हणजे अर्धंच ऐकणं.

साधा वायरवाला हेडफोन पुरे, दोन स्पीकर असतील तर उत्तम. बास ऐकू यायला हवा. बास हरवला की वरची गिटार अधांतरी लटकते आणि मग ती खरोखरच गोंगाट वाटते. तानपुरा बंद करून ख्याल ऐकल्यासारखं.

पहिली बैठक: फक्त साडेतीन मिनिटं

पहिल्या दिवशी ‘पीचेस एन रेगालिया’ एवढंच. ड्रमवर एक उठाण येते आणि लगेच धून सुरू. ती एकदा ऐकली की गुणगुणता येते. आमच्याकडे सातवीतल्या एका मुलाने ती दुसऱ्याच फेरीत पेटीवर काढली.

तीनदा ऐका. पहिल्यांदा नुसती धून. दुसऱ्यांदा धून कुणाच्या हातून कुणाच्या हातात जाते ते बघा. तिसऱ्यांदा मागचं ऐका: बासरी, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, पियानो, ऑर्गन. मोठा ताफा बसलाय असं वाटेल. प्रत्यक्षात ही सगळी वाद्यं एकट्या इयन अंडरवूडने वाजवली आहेत, एकावर एक थर चढवत.

हे शक्य झालं ते यंत्रामुळे, आणि मला या अल्बमबद्दल सगळ्यात जास्त बोलावंसं वाटतं ते इथे. तेव्हाच्या चांगल्या स्टुडिओत आठ ट्रॅकची टेप असायची. म्हणजे आठ वेगवेगळे पट्टे, प्रत्येकावर एक आवाज किंवा काही आवाज मिळून. बीटल्सचा ‘अॅबी रोड’ याच्या काही दिवस आधी निघाला, तोही आठ ट्रॅकवरच झाला. झॅपाला सोळा ट्रॅकचं नवंकोरं यंत्र मिळालं. सोळा पट्टे हाताशी म्हणजे एकाच वादकाला पुन्हा पुन्हा बसवून अख्खा वाद्यवृंद उभा करायची सोय.

त्यातही त्याने टेपच्या वेगाशी खेळ केला. टेप अर्ध्या वेगाने चालवत वाद्य वाजवून घ्यायचं आणि ऐकवताना पूर्ण वेगाने सोडायचं. स्वर बरोबर एक सप्तक वर जातो आणि वाद्याचा पोतही बदलतो. बास गिटार अशी वर चढवली की ती बासही राहत नाही आणि गिटारही होत नाही, तिसरंच काहीतरी होते. अल्बमच्या श्रेयनामावलीत झॅपाच्या नावापुढे ‘ऑक्टेव्ह बास’ लिहिलंय ते यामुळे. ‘पीचेस’मध्ये एखादा आवाज खेळण्यातल्यासारखा, जरा जास्तच चकचकीत वाटला तर तिथे थांबून पुन्हा ऐका. ओळखीचं वाद्य अनोळखी कपड्यात उभं असतं.

दुसरी बैठक: क्रम मोडा

अल्बमच्या क्रमाने पुढे ‘विली द पिंप’ येतं. नवख्याला मी ते लगेच देत नाही. थेट पाचव्या रचनेवर, ‘द गंबो व्हेरिएशन्स’वर जा. तेरा मिनिटं ऐकून घाबरू नका. आपण अर्ध्या तासाचा बडा ख्याल ऐकणारी माणसं.

यात सुरांची फार ये-जा नाही. खाली बास आणि ड्रम एकच चाल धरून बसतात आणि वर एकेक जण येऊन आपलं म्हणणं मांडतो. तबला सोलो ऐकला असेल त्याला हे सांगायलाच नको. पेटीवाला किंवा सारंगीवाला लेहरा धरतो, तोच तो, न कंटाळता, आणि तबलजी त्यावर कायदे-रेले उलगडतो. इथे लेहरा बास आणि ड्रमकडे आहे. आधी अंडरवूडचा सॅक्सोफोन येतो, किंचाळेपर्यंत जातो. मग डॉन ‘शुगरकेन’ हॅरिसचं विजेचं व्हायोलिन.

आमच्या बैठकीतल्या काकांनी पहिल्यांदा ऐकताना मध्येच विचारलं, “अगं, पण सम कुठे दाखवतायत?”

प्रश्न अगदी बरोबर होता. उत्तर असं की इथे चार मात्रांचं आवर्तन धरा. ड्रमचा जड, पोटातला ठोका बहुधा एकवर पडतो आणि कडक, चाबकासारखा आवाज दोन आणि चारवर. तो दोन-चारचा आवाज पकडला की एक आपोआप सापडतो. मग अशी चार आवर्तनं जोडून सोळा मात्रा मोजा, तीनतालाएवढा ऐसपैस पट्टा मिळतो. खाली-भरी शोधू नका, ती इथे नाही. वादक समेवर येऊन मान डोलावेल अशी अपेक्षाही ठेवू नका. तो कधी एकवर उतरतो, कधी मुद्दाम ओलांडून जातो. काकांनी मांडीवर टाळी धरली आणि व्हायोलिन सुरू झाल्यावर त्यांचा हात थांबला. नंतर म्हणाले, “हा तर रडवतोय.”

हॅरिस मुळात १९५० च्या दशकातल्या ऱ्हिदम अँड ब्लूजमधला माणूस, ‘डॉन अँड ड्यूई’ या जोडीतला. त्याच्या व्हायोलिनला सभागृहाची इस्त्री नाही. गज तारेवर दाबून, ओढून वाजवतो. आपल्याकडे गायकी अंगाने व्हायोलिन ऐकलेल्यांना त्यातली मींड ओळखीची वाटेल, मात्र ती रागाच्या शिस्तीतली नाही, ब्लूजच्या दुखण्यातली आहे.

तिसरी बैठक: आता जड रचना

‘विली द पिंप’ हे अल्बममधलं एकमेव गाणं. विषय न्यू यॉर्कमधल्या एका दलालाचा आहे, शीर्षकातच आहे. घरात लहान मुलं असतील आणि त्यांना इंग्रजी कळत असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं.

सुरुवातीला हॅरिसच्या व्हायोलिनवर एक रिफ येतो. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी छोटी, ठसठशीत स्वरावली. मग घोगऱ्या, खरवडल्यासारख्या आवाजात गाणारा येतो, तो कॅप्टन बीफहार्ट. खरं नाव डॉन व्हॅन व्हलीट, झॅपाचा शाळेपासूनचा मित्र. त्याच वर्षी त्याचा ‘ट्राउट मास्क रेप्लिका’ हा अल्बम झॅपाने निर्मात्याच्या भूमिकेतून काढला होता.

गाणं दोनेक मिनिटांत आटोपतं आणि पुढची जवळजवळ सात मिनिटं झॅपाची गिटार. इथे बहुतेकांचं लक्ष सुटतं, म्हणून इथे हळू जा.

पहिल्या वेळी गिटारकडे बघूच नका. बास आणि ड्रमवर राहा. ड्रमवाला जॉन गेरिन जाझमधून आलेला आहे. तो एकच ठेका पुन्हा वाजवत नाही, गिटार जे बोलते त्याला उत्तर देतो, तिला ढकलतो, कधी मागे ओढतो. सवाल-जवाब आहे तो, फक्त दोघं एकाच वेळी बोलतात.

दुसऱ्या वेळी गिटारचा नुसता आवाज ऐका, काय वाजवतो ते सोडा. झॅपा वाह-वाह पेडल वापरायचा. पायाने वर-खाली केलं की ‘वा-वा’ असा आवाज देणारं ते उपकरण. पण तो ते बऱ्याचदा हलवत न ठेवता मध्येच एका जागी धरून ठेवायचा. त्यामुळे स्वरातला एक ठरावीक पट्टा उठून दिसतो, नाकातून बोलल्यासारखा. मला इथे दर वेळी मिरजेचा तो सुताचा दोरा आठवतो. किती सरकवायचा आणि कुठे थांबायचं, सगळी कला त्या जागेत.

तिसऱ्या वेळी त्याची वाक्यं मोजा. तो वेगासाठी वेग घेत नाही. दोन-चार स्वरांचा तुकडा घेतो, उलटतो, लांबवतो, मध्येच वेगळ्या लयीत बोलतो. बढत म्हणायला हरकत नाही, जरी ती मंद्रातून तारसप्तकाकडे नेमाने चढत नाही. तुलना इथपर्यंतच चालते आणि पुढे ताणू नये. आपल्याकडे राग ही चौकट आहे, न्यास म्हणजे थांबायचे स्वर ठरलेले आहेत. इथे चौकट खालच्या वाद्यांनी धरलेल्या सुराची आणि ठेक्याची. बाकी वादकाच्या अंगात काय आहे त्यावर.

‘सन ऑफ मिस्टर ग्रीन जीन्स’: जोडीने ऐका

हा नऊ मिनिटांचा भाग एकटा ऐकू नका. याआधी काही महिने निघालेल्या ‘अंकल मीट’ या अल्बमवर ‘मिस्टर ग्रीन जीन्स’ नावाचं तीनेक मिनिटांचं गाणं आहे, ते आधी लावा. संथ, जरा बैठ्या आवाजात गायलेलं. तीच चाल इथे शब्दांशिवाय, फुंकून वाजवायच्या वाद्यांचा मोठा साज चढवून येते, आणि धुनेच्या दोन टप्प्यांमध्ये गिटार मोकळी सुटते.

सांगलीत हे समजावून सांगायला वेळ लागत नाही. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी इथे ‘सीता स्वयंवर’ केलं तेव्हापासून या गावाने नाटकातली पदं ऐकली आहेत, आणि कुठल्या चिजेवरून कुठलं पद बांधलं हे ओळखायचा छंद जुन्या पिढीला आहेच. मूळ चीज माहीत असेल तर पदात काय नवं केलं ते दिसतं. इथेही तसंच. मूळ गाणं कानात असेल तर धून परत येते तो क्षण सुखाचा होतो, नसेल तर नऊ मिनिटं लांब वाटतात.

‘लिटल अंब्रेलाज’बद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन मिनिटांची, सावकाश, जराशी उदास. पावसाळ्यात ऐकावी.

‘इट मस्ट बी अ कॅमल’ शेवटी, आणि घाई न करता

अल्बमची शेवटची रचना सगळ्यात अवघड आहे. मला ती सगळ्यात आवडते, पण आवडायला वेळ लागला. इथे मोजू नका. लय सरकते, तुकडे एकमेकांना खेटून येतात, धून एका स्वरावरून लांबच्या स्वरावर उडी मारते. या उड्या कागदावर लिहिल्या की उंटाच्या मदारीसारखे चढ-उतार दिसतात, असा नावाचा एक अर्थ लावतात.

पियानोला धरून चला. तो वाट दाखवतो. आणि व्हायोलिन आलं की कान टवकारा, हे व्हायोलिन हॅरिसचं नाही. हा झां-लुक पाँती, फ्रान्सचा, रीतसर पाश्चात्त्य शास्त्रीय शिक्षण घेऊन जाझकडे वळलेला. ‘गंबो’ आणि ‘कॅमल’ लागोपाठ लावा आणि दोघांचा गज ऐका. एकाचा स्वर अंगावर येतो, दुसऱ्याचा स्वच्छ, काठ कापलेला. दोघांना एकाच अल्बममध्ये, आपापल्या जागी बसवण्याची नजर झॅपाची. त्यातून मला त्याचं मोठेपण कळलं, गिटारच्या सोलोमधून कळलं त्याहून जास्त.

पहिल्या दोन-तीन वेळा ‘कॅमल’ निसटली तरी चालेल. आठवडाभर सोडून द्या. संध्याकाळी आयर्विन पुलावर चालायला जाताना कानात घालून बघा, चालण्याची एक लय आणि रचनेची दुसरी लय अशी टक्कर झाली की त्यातले जोड अचानक दिसतात. मला तिथेच दिसले. रहदारीकडे मात्र लक्ष असू द्या.

या सगळ्या बैठका झाल्या की एकदा पूर्ण अल्बम, मूळ क्रमाने, मध्ये न थांबता लावा. पाऊण तासही लागत नाही. भडंगाची वाटी आधीच संपवून घ्या, कारण ‘लिटल अंब्रेलाज’मध्ये कुरकुर ऐकू येते.

इथून पुढे

आवडलं तर झॅपाचेच १९७२ मधले दोन अल्बम घ्या: ‘वाका/जवाका’ आणि ‘द ग्रँड वाझू’. १९७१ च्या डिसेंबरात लंडनच्या रेनबो थिएटरमध्ये एका प्रेक्षकाने त्याला रंगमंचावरून खाली ढकललं. तो जबर जखमी झाला आणि बरेच महिने चाकाच्या खुर्चीत होता. दौरे बंद, म्हणून तो मोठ्या ताफ्यासाठी लिहीत बसला. हे दोन्ही अल्बम त्या काळातले. ‘ग्रँड वाझू’त पितळी वाद्यांचं वैभव ऐकण्यासारखं आहे.

ज्यांना जड बाजू जास्त भावली त्यांनी किंग क्रिमसनचा १९७४ चा ‘रेड’ ऐकावा. व्हायोलिनने ज्यांना धरलं त्यांनी पाँतीचा ‘किंग काँग’, त्यातलं बहुतेक संगीत झॅपाचंच आहे. पाँती पुढे गिटारवादक जॉन मॅक्लाफ्लिनच्या महाविष्णू ऑर्केस्ट्रा या बँडमध्ये गेला. मॅक्लाफ्लिनने मग तबल्यावर झाकिरभाईंना घेऊन ‘शक्ती’ हा बँड उभा केला, आणि ‘शक्ती’त व्हायोलिनवर होते एल. शंकर. त्याच एल. शंकर यांचा ‘टच मी देअर’ हा अल्बम १९७९ मध्ये निघाला, निर्माता फ्रँक झॅपा. आमच्या पुढच्या रविवारी तोच लावायचा ठरलाय. काका मांडीवर टाळी धरायला तयार आहेत.